मावशीचा आवाज कोणाचा

नभोवाणी केंद्राचे पत्र माझ्या बहिणीच्या नावाने आले. तिच्या नावाने पत्र येण्याचे प्रसंग इतके विरळ, की भाऊजींनी ते सवयीनेच फोडले आणि दुसऱ्या ओळीवर त्यांच्या हातातला चहाचा कप थांबला. केंद्राला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने ‘खिडकीतली मावशी’ या एके काळच्या अत्यंत लोकप्रिय कार्यक्रमात सलग बावीस वर्षे मावशीची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ कलावती म्हणून ताईचा जाहीर गौरव करण्याचे केंद्राने ठरवले होते. शेवटी एक विनंती होती : आपले पती नामवंत निवेदक असल्याने समारंभाचे सूत्रसंचालन त्यांनीच करावे.

ताईने पत्र घेऊन दोनदा वाचले. ती आयुष्यात एकदाही मायक्रोफोनसमोर उभी राहिलेली नव्हती.

“अहो, ही कोण बाई?” तिने विचारले. “नाव माझं आहे, पत्ता आपला आहे. पण ही मी नाही.”

“ती मी आहे,” भाऊजी म्हणाले.

मी तेव्हा त्यांच्याच टेबलाशी बसलो होतो. न्यायालयात निकालपत्रांच्या नकला मूळ प्रतीशी ताडून पाहण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. कागदावर चुकीचे नाव पडणे म्हणजे काय असते, हे मला सांगावे लागत नाही. तरीही त्या सकाळी झालेला प्रकार समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. तो क्रमाने सांगतो.

भाऊजींनी काय केले नाही, ते सांगणे सोपे. हौशी नाटकमंडळींत निरोप्याच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली आणि तिशीच्या आत एकट्याने दोन तास रंगमंच सांभाळण्यापर्यंत मजल मारली. एक स्टूल, एक छत्री आणि अकरा माणसे, अकराही तेच. छत्री मिटली की म्हातारा, उघडली की त्याची सून, खांद्यावर टाकली की पोस्टमन. पुढे केंद्रात नोकरी लागली. हवामान, बाजारभाव, मुलांचा तास, नभोनाट्ये, सगळे त्यांच्या गळ्यातून गेले. निवृत्तीनंतर व्याख्याने सुरू झाली. शाळेचा बक्षीस समारंभ असो, वाचनालयाचे उद्घाटन असो, नाहीतर एखाद्या वकिलाची शोकसभा असो, भाऊजी चाळीस मिनिटे बोलत आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला लोकांना हळहळ वाटेल अशा ठिकाणी थांबत. गावातले कोणतेही व्यासपीठ त्यांच्यावाचून अडत असे. पण व्यासपीठावरचे बोलणे टाळ्यांबरोबर विरून जाते. त्यांच्या एकट्याच्या प्रयोगाचे एक छायाचित्र तेवढे उरले आहे, आणि त्यातही छत्री स्पष्ट आहे, भाऊजी अस्पष्ट.

टिकली ती मावशी. दर रविवारी सकाळी पंधरा मिनिटे एक म्हातारी आपल्या खिडकीत बसून गल्लीकडे बघत बोलायची आणि अख्खे शहर हातातले काम सोडून ऐकायचे. मूळ भूमिका एका नटीला दिलेली होती. पहिल्याच रविवारी तिचा घसा बसला, प्रसारण थेट होते, तेव्हा निर्माता रडकुंडीला आला आणि भाऊजी आत गेले. आठवडाभरात श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग पडला. आता मावशी बदलणे शक्य नव्हते. पण नियम असा, की स्त्रीची भूमिका स्त्री कलाकारानेच करावी आणि प्रसारणाच्या तक्त्यात भूमिकेपुढे तिचे नाव असावे. निर्माता म्हणाला, “कोणा तरी बाईचं नाव सांग रे, रकाना भरायचाय.” भाऊजी म्हणाले, “लिही माझ्या बायकोचं.” दोघे हसले. मावशीच्या नावापुढे ‘विनामानधन’ असा शिक्का बसे, म्हणून पैशाची भानगड कधी उद्भवली नाही आणि कोणी चौकशीही केली नाही. असे तक्ते बावीस वर्षे भरले गेले.

हे त्यांनी ताईला त्या सकाळी प्रथम सांगितले.

“बावीस वर्षं माझं नाव तुमच्या कागदांत होतं?” ताई म्हणाली. “आणि मला ठाऊक नाही?”

“अगं, गंमत होती.”

“कोणाची?”

भाऊजींनी पत्र पुन्हा उचलले. त्यांचा संताप वेगळ्याच दिशेने धावत होता. मावशी आपण आहोत, हे त्यांनी घराबाहेर मुद्दाम झाकून ठेवले होते. नोकरीत असताना नियमाची भीती होती. नंतर मात्र निव्वळ कलावंताचा हिशेब होता. असे गुपित चारचौघांत गप्पा मारताना फोडायचे नसते, त्याला तोलामोलाचे व्यासपीठ लागते. केंद्राचा सुवर्णमहोत्सव हेच ते व्यासपीठ, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते. भरल्या सभागृहात उभे राहायचे, आधी आपल्या आवाजात दोन वाक्ये बोलायची, आणि तिसरे मावशीच्या. त्या एका क्षणासाठी ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होईपर्यंत थांबले होते. आणि आता त्यांनीच, माइक हातात धरून, आपल्या जन्माची कमाई दुसऱ्याच्या नावाने पुकारायची होती.

“मी खरं सांगणार,” ते म्हणाले. “आजच. चल रे, तू बरोबर चल. कागदपत्रांचं तुला कळतं.”

माझ्याही अंगाचा तिळपापड झाला होता. आम्ही दुपारीच केंद्रावर गेलो.

केंद्रप्रमुख चाळिशीचे, टापटीप गृहस्थ. टेबलावर काचेखाली सुट्ट्यांची यादी, बाजूला जुन्या तक्त्यांचे बांधीव खंड. त्यांनी आमचे म्हणणे अतिशय सौजन्याने ऐकून घेतले, आणि माझा अनुभव असा आहे, की कार्यालयात इतके सौजन्य मिळाले म्हणजे निकाल आधीच लागलेला असतो.

“सर, आमच्याकडे अकराशे तक्ते आहेत,” ते म्हणाले. “एकूण एक तक्त्यावर मॅडमचं नाव आहे. निर्मात्याची सही आहे, ध्वनिमुद्रकाची सही आहे. त्या नावाविरुद्ध तुमच्याकडे कागद काय?”

“कागद कशाला?” भाऊजी म्हणाले. “मी आहे ना.”

आणि त्यांनी तिथेच, त्या खुर्चीत, पाठीला किंचित बाक दिला, हनुवटी हातावर टेकली आणि मावशी बोलू लागली. “नळाला पाणी येतं ते आपल्याला बघायला. बघून झालं, की जातं.” चौदा वर्षांनी तो आवाज कानांवर पडत होता. फायली घेऊन निघालेला शिपाई दारातच थबकला, त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरले. तो त्या आवाजाबरोबरच मोठा झाला असावा.

केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. “वा! हुबेहूब! बाईंची नक्कल छान करता तुम्ही. बावीस वर्षं घरात ऐकत होता, म्हणजे जमणारच म्हणा.”

ज्याने मूळ लिहिले त्यालाच त्याच्या लेखाची बरी नक्कल केल्याबद्दल शाबासकी मिळावी, असा प्रकार मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. बोलण्यात कधी न अडलेले भाऊजी मी तिथे अडलेले पाहिले.

“मग समारंभाला येताय ना, सर?” केंद्रप्रमुखांनी विचारले. “पत्रिका छापून झाल्यात.”

निर्माता वारला होता. उरला होता तो ध्वनिमुद्रक. तो आता परगावी मुलीकडे राहत होता. मी त्याला फोन लावला आणि एका ओळीचे निवेदन मागितले.

“मावशी कोण, हे मला माहीत नाही का?” तो म्हणाला. “काचेपलीकडे बसून दर रविवारी पोट धरून हसायचो मी. पण साहेब, त्या तक्त्यांवर माझी सही आहे. बावीस वर्षं मी खोटी सही केली, असं आता लेखी देऊ?”

“खरं ते द्या.”

“खरं तुम्ही देताय ना? मग एकाने दिलं, पुरे झालं,” असे म्हणून त्याने फोन ठेवला.

एवढ्यावर हात टेकणाऱ्यांपैकी मी नव्हे. अकराशेपैकी सोळा भागांच्या ध्वनिफिती शिल्लक होत्या. शिपायाने त्यांच्या प्रती मला आणून दिल्या. मी ठरवले, की या सोळा भागांतूनच भाऊजींचे कर्तृत्व सिद्ध करायचे. भाऊजी संहिता कधी लिहीत नसत. पाकिटाच्या पाठीवर सहा शब्द टिपायचे आणि आत जाऊन बोलायचे, ही त्यांची रीत. म्हणून मीच चार दुपारी खर्चून मावशीची ठळक वाक्ये उतरवून काढली. चाळीस भरली. प्रत्येक वाक्य त्यांना कधी आणि कसे सुचले, हे टिपून घेतले, की एक अभेद्य निवेदन तयार होणार होते. भाऊजी त्या दिवशी एका शाळेत भाषणाला गेले होते, म्हणून मी यादी घेऊन ताईकडे बसलो. ती मटार सोलत होती.

“ताई, हे ऐक. ‘वरचे लोक रोज घर बदलतात...’”

“‘...फक्त पत्ता तोच ठेवतात,’” ताई म्हणाली. “ते वरच्या मजल्यावरचे. पहाटे कपाटं ओढायचे. जिन्यात त्या बाईलाच ऐकवलं होतं मी.”

मला वाटले, तिला कार्यक्रम पाठ आहे. मी पुढचे वाक्य वाचले. “‘हा माणूस पाच वर्षांनी एकदा हात जोडतो...’”

“‘...मधल्या काळात ते हात कुठे असतात, ते विचारू नये.’ तो नगरसेवक. मत मागायला आला होता, तेव्हा तू इथेच बसला होतास. खो खो हसलास. विसरलास?”

मी विसरलो होतो. मी यादी तिच्यासमोर ठेवली. ती मटाराचे हात पुसून एकेका ओळीवर बोट ठेवत गेली : हे पाहुण्यांच्या बॅगांवरून, हे शेजारच्या शिक्षकाला, हे तुला, हे ह्यांना, हे ह्यांना, हेही ह्यांनाच. चाळीसपैकी एकतीस वाक्यांना तिच्याकडे प्रसंग होता, माणूस होता, बहुतेकांना सालही होते. न्यायालयात इतका स्वच्छ पुरावा मी फार थोड्या वेळा पाहिला.

“तू कधी बोलली नाहीस?”

“सुरुवातीला बरं वाटायचं रे. आपण बुधवारी स्वयंपाकघरात बोलायचं आणि रविवारी गल्ली हसायची. मग ते आलं.” तिने सदतिसाव्या ओळीवर बोट ठेवले आणि तिथून ते काढले नाही.

ती ओळ मी स्वतःच्या हाताने उतरवली होती. ‘डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. म्हणजे काळजी करायची राहूनच गेली होती. मग मी घरी येऊन केली.’ उतरवताना मी हसलो होतो. आता ताईच्या बोटाखाली ती वाचताना मला रुग्णालयातला लांब बोळ दिसला, भिंतीला लावलेली लोखंडी बाके दिसली, आणि आमची आई आत असताना बाहेर माझ्या शेजारी बसून कोरड्या डोळ्यांनी हेच वाक्य बोललेली ताई दिसली. भाऊजी बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसले होते. आई गेली त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी ते वाक्य प्रसारित झाले. शहर हसले. मीही हसलो असणार.

“त्या दिवसापासून मी घरात बोलणं बंद केलं,” ताई म्हणाली. “हो, नाही, जेवायला या, एवढंच. तीन महिने. तुला आठवतं का, त्या उन्हाळ्यात मावशी जुनीच लावायचे पुन:पुन्हा? श्रोत्यांच्या आग्रहास्तव म्हणून? आग्रह कसला! माल संपला होता. मग हे भांडण उकरून काढायला लागले. भाजीत मीठ नाही, खिडकी का लावली, माझी छत्री कुठे. मला वाटायचं, माणूस चिडलाय. हा कान टवकारून बसलेला!”

“मग बोललीस कशी परत?”

“वरच्यांनी पुन्हा कपाट ओढलं. मला राहवलं नाही.”

तिला हसू आले. मला आले नाही. चार दुपारी मी ज्याच्या बाजूने पुरावा गोळा करत होतो, त्याच्याच विरुद्ध तो उभा राहिला होता. त्याहून जिव्हारी लागले ते हे, की ‘घरात ऐकत होता, म्हणजे जमणारच’ असे म्हणणारा तो केंद्रप्रमुख, काही न कळता, योगायोगाने खरे बोलून गेला होता.

संध्याकाळी भाऊजी आले. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि आडपडदा न ठेवता विचारले. त्यांनी नाकारले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण कबुलीही दिली नाही; त्यांनी व्याख्यान सुरू केले.

“बोलणं कोणत्या घरात नसतं? पण म्हणून ते ऐकायला कोणी येतं का? कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, कोणता शब्द गिळायचा, हे मी केलं. विटा कुठूनही येतात. घर बांधणाऱ्याचं असतं.”

“मग विटा विचारून न्यायच्या,” ताई म्हणाली.

“तू कधी म्हणालीस, की हे माझं आहे म्हणून?”

“तुम्ही कधी म्हणालात, की माझं नाव लिहिलंय म्हणून?”

“नाव तुझं लावलंच आहे की मग! हो जा मावशी! घे बक्षीस!”

“मला बक्षीस नको. आणि खोटं तर मुळीच नको,” ताई म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. “आवाज तुमचा. माझ्यात ती कला नाही, मी कुठेही कबूल करीन. पण बोलणं माझं. समारंभात तुम्ही दोन्ही सांगायचं. अर्धं सांगणार असाल, तर मी घरीच बरी.”

“बघू,” भाऊजी म्हणाले, आणि स्वतः मटाराची टोपली उचलून आत नेऊन ठेवली. हे काम त्यांनी पूर्वी कधी केल्याचे मला स्मरत नाही. त्यांनी मान्य केले, असे आम्ही दोघे धरून चाललो.

समारंभ सायंकाळी पाचला होता. सभागृह भरून लोक मागे उभे होते. भाऊजींनी नेहमीप्रमाणे तासभर आधी येऊन रिकाम्या मंचावरून एक वाक्य कुजबुजून पाहिले आणि ऐकू आले की मला शेवटच्या रांगेतून हात वर करायला लावला. मगच ते कपडे बदलायला गेले. सूत्रसंचालन त्यांनी इतके उत्तम केले, की रागावलेला मीही क्षणभर सैलावलो. आठ भाषणे झाली. त्यांतल्या तिघांनी ‘मावशी’ कधीच ऐकली नव्हती, हे त्यांच्या भाषणांवरूनच सिद्ध करता येईल. मग ताईची पाळी आली.

भाऊजी माइकपाशी आले. सभागृह शांत झाले. त्यांनी ताईकडे पाहिले, तिने त्यांच्याकडे. त्यांच्यापुढे तीन मार्ग होते : ‘आवाज माझा’ एवढेच म्हणायचे, दोन्ही सांगायचे, किंवा कागद म्हणतो ते म्हणायचे. इतके लहान मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

“आणि आता,” ते म्हणाले, “जिच्या आवाजाने बावीस वर्षं या शहराची रविवार सकाळ उजाडली, ती मावशी. माझी अर्धांगिनी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या कोणी तरी म्हटले, “काय मोठ्या मनाचा माणूस!” मला ओरडावेसे वाटले. मोठ्या मनाचा? त्या माणसाला आपली मावशी सबंध टाकून देणे परवडले, पण अर्धी वाटून देणे परवडले नाही!

ताई उठली. केंद्रप्रमुखांनी मानचिन्ह पुढे केले, ते तिने घेतले नाही. ती सरळ माइकशी गेली आणि बोटाने त्याच्यावर टकटक केले.

“टाळ्या थांबवा,” ती म्हणाली. “उगाच हात दुखतील.”

सभागृहात खसखस पिकली. आवाज वेगळा, बारीक, थोडा फाटलेला. पण बोलण्याची ढब तीच. लोकांनी आपली मावशी ओळखली होती.

“हे आत्ता बोलले, ते खोटं आहे. माझा आवाज रेडिओवर एकदाही गेलेला नाही. आवाज ह्यांचा. माझं नाव ह्यांनी मला न विचारता कागदावर घातलं आणि माझं बोलणं मला न विचारता हवेवर सोडलं. घरातलं एकेक करून सगळं बाहेर नेऊन झालं. मीच तेवढी राहिले होते, मलाही आज आणलं.”

हास्याचा लोट उसळला. लोक एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते.

“हसू नका. मी खरं सांगतेय.”

आणखी मोठा हशा. ती जितके खरे बोले, तितकी मावशी होत जाई. जितकी मावशी होई, तितके ते खरे कोणाला ऐकू येईना. तिने माइकचा दांडा घट्ट धरला.

“ते डॉक्टरांचं वाक्य,” ती म्हणाली, “ज्याला तुम्ही इतके हसलात, ते माझी आई जात होती तेव्हा मी बोलले. बाकावर बसून.”

आणि लोक हसले. सगळे नव्हे, पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. पण हसण्याला वेग आला होता आणि तो आवरणे कोणाच्या हातात नव्हते. माझ्या बहिणीच्या दुःखाला दुसऱ्यांदा हशा मिळाला, आणि या खेपेस ती समोर उभी असताना.

तेव्हा भाऊजी पुढे झाले. मला वाटले, आता एखादी कोटी करून हा माणूस प्रसंग निभावून नेईल आणि पडदा पाडील. पण हशा मिळवायला शिकलेल्या त्या माणसाने हात वर केला आणि हशा संपण्याची वाट पाहिली. बराच वेळ लागला.

“ही बोलली ते सगळं खरं आहे,” ते म्हणाले. त्या आवाजात कसलाही चढउतार नव्हता. बाजारभाव वाचतानासुद्धा ते असे कोरडे कधी बोलले नव्हते. “आवाज माझा होता. बोलणं हिचं. मी ते घेतलं आणि सांगितलं नाही. रुग्णालयातलंसुद्धा घेतलं. आत्तासुद्धा मी खोटं बोललो. मला हिची माफी मागायची आहे.”

मग मागच्या रांगेतून कोणी तरी मनापासून ओरडले, “वन्स मोअर!”

आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तीन स्तंभी मथळा होता : ‘मावशी दांपत्याच्या खुसखुशीत जुगलबंदीने सोहळ्यात रंगत’. खाली लिहिले होते, की मावशींनी आपण मावशी नसल्याचा कांगावा करून धमाल उडवली आणि पतिराजांनी तितकीच मिश्किल साथ दिली. आठवडाभराने केंद्राचे पत्र आले. विनोदी सादरीकरणाबद्दल दोघांचे आभार मानले होते. नोंदी दुरुस्त कराव्यात, या माझ्या अर्जावर एक ओळ होती : ‘कार्यक्रमाच्या ओघात केलेली विधाने अभिलेखासाठी ग्राह्य धरता येत नाहीत.’ मानचिन्ह त्यांनी माणसाकरवी घरी पाठवले. त्यावर ताईचे नाव आहे, आणि नावाखाली ‘मावशीचा अजरामर आवाज’.

ते पत्र घेऊन दोघे माझ्याकडे आले. भाऊजी खोलीत येरझाऱ्या घालत होते.

“पन्नास वर्षं मी खोटं बोलून लोकांना खरं वाटायला लावलं,” ते म्हणाले. “एकदा खरं बोललो, तर म्हणे मिश्किल साथ! मी पुन्हा सभा घेतो. भाषण करतो. त्यांना—”

“आणि ते पुन्हा हसतील,” ताई म्हणाली. “तुम्ही बोललात तरी हसणार, मी बोलले तरी हसणार.” तिने माझ्या टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “तू लिही. तुझ्या लिहिण्याला आजवर कोणी हसलेलं नाही.”

मी कागद नीट करून घेतला. “सुरुवात कुठून करू?”

“रंगमंचापासून कर,” भाऊजी म्हणाले. “माझी पहिली भूमिका—”

“पत्रापासून कर,” ताई म्हणाली.

भाऊजी थांबले. त्यांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहिले, आणि समोरची खुर्ची ओढून ऐकायला बसले.